पहिला धोंड्याचा महिना: जावयाला वाण आईने द्यावे की चुलत्यांनी?

द्राक्षवेल (तासगाव)

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न गेल्या वर्षी झाले. यंदा १७ मे ते १५ जून २०२६ असा अधिक ज्येष्ठ आला असून लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच धोंड्याचा महिना आहे. आमचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले. लेक-जावयाला धोंडे जेवायला बोलवावे आणि तेहतीस अनारशांचे वाण आपल्या हाताने द्यावे, अशी आईची फार इच्छा आहे. परंतु चुलते-चुलती म्हणतात, की वाण जोडप्यानेच द्यायचे असते, म्हणून ते आम्ही देतो आणि वहिनींनी स्वयंपाकाचे पाहावे. आई त्यावर काहीच बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिने या विषयाचे नावच काढलेले नाही.

दुसरी अडचण अशी, की लग्न जुळवणाऱ्या पाहुण्यांनी ‘पहिला महिना म्हणजे जावयाला अंगठी आलीच’ असे सुचवले आहे. दाजी स्वतः एका शब्दानेही काही बोललेले नाहीत. आमचा बेदाणा अजून शीतगृहातच पडून आहे. अशा वेळी रीत नेमकी काय आहे, हे जाणत्यांनी सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली)

भाऊ, मला दोन जावई आहेत आणि २०१२ पासूनच्या प्रत्येक अधिक महिन्यात मी वाण दिलेले आहे, म्हणून अनुभवाचे सांगते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. ती तूट भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात, आणि तेहतीस हा आकडा त्यावरूनच आला असे आमच्याकडे सांगतात. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, प्रजापती आणि वषट्कार अशा तेहतीस देवांशीही तो जोडला जातो. ताटात तेहतीस अनारसे, त्यावर तुपाचे निरांजन, विडा आणि दक्षिणा एवढे ठेवले, की वाण पूर्ण झाले. जावयाला पाटावर बसवून, कुंकू लावून, लक्ष्मीनारायणाचा जोडा समजून लेकीसह ओवाळावे. ऐपत असेल तर कोणी चांदीचे निरांजन किंवा तांब्या देतो, लेकीला जोडवी करतो. नसेल तर जावयाला टॉवेल-टोपी आणि लेकीला साडी पुरते. सोन्याची अंगठी ही अलीकडची हौस आहे, तिला रीत म्हणू नये.

अनारशांची तयारी मात्र आताच सुरू करा. तांदूळ रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवायचे, सावलीत कापडावर पसरून किंचित ओलसर असतानाच दळायचे, पीठ चाळून गुळात मळायचे आणि ते गोळे डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यायचे. घाई केली तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. खसखशीची बाजू वर ठेवून तळावा आणि उलटू नये. ते जमणारच नसेल, तर तेहतीस बत्तासेही चालतात.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. याच महिन्यात लेक आईची ओटी भरते. बहिणीला हे आठवणीने सांगा आणि तुमच्या आईच्या बाबतीत ते टाळू नका.

माहुलीसंगम (सातारा)

माझे उत्तर फक्त आईंच्या प्रश्नापुरते आहे. अधिक मासात सूर्याची संक्रांत होत नाही, म्हणून लग्न, मुंज, वास्तुशांत ही मंगलकार्ये आपण थांबवतो आणि स्नान, जप, दान एवढेच करतो. वाण हे दानच आहे. मग मंगलकार्यातील जोडप्याचा नियम त्याला कशासाठी लावायचा? अहिल्याबाई होळकरांना १७५४ मध्ये वैधव्य आले आणि त्यानंतरच त्यांनी देशभर घाट बांधले, काशी विश्वेश्वराचे मंदिर उभारले. त्यांच्या दानाला आजवर कोणी उणे म्हटलेले नाही.

तुमच्या भागापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. आमच्या घरी २०१८ च्या अधिक ज्येष्ठात हे धैर्य कोणी दाखवले नाही. त्यात मीही होतो. आत्याने ओवाळले आणि माझी आई स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरत उभी राहिली. पुरण तिने शिजवले होते, अनारसे तिने तळले होते. पुढच्या अधिक महिन्यात वाण द्यायला ती राहिली नाही. चुलत्यांना सन्मानाने जेवायला बोलवा, त्यांच्या पाया पडा, पण ताट आईच्याच हातात द्या.

कोयनाकाठ (कराड)

मी जावई या नात्याने लिहितो. २०२३ च्या अधिक श्रावणात माझ्या सासऱ्यांनी कर्ज काढून अंगठी करायचे ठरवले आहे, हे मला पत्नीकडून कळले. मी स्वतः फोन करून ‘मामा, धोंडे आणि अनारसे एवढेच करा’ असे सांगितले, तेव्हा त्यांचा आवाज लगेच बदलला. तुमच्या दाजींना कदाचित ही चर्चा माहीतही नसेल. मध्यस्थांच्या तोंडून निर्णय होऊ देऊ नका. शिवाय लग्नाच्या संबंधात लग्नानंतर मागितलेली वस्तूही १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हे त्या पाहुण्यांना शांतपणे सांगायला हरकत नाही.

द्राक्षवेल (तासगाव)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल दाजींशी बोललो. अंगठीचे ऐकून ते अवघडले, आणि ‘वाण आईंच्या हातूनच घेईन’ असे त्यांनी आपणहून सांगितले. चुलत्यांना हेच सांगायला मी आज संध्याकाळी जाणार आहे. चुलती अजून नाराज आहेत, पण निरांजनाच्या वाती त्यांनीच वळाव्यात अशी विनंती त्यांना करीन. आईने सकाळी न सांगताच तांदूळ भिजत घातले आहेत.