मदत हवी आहे: लाकडी घोड्यांच्या जुन्या चक्राला ठोका बसतोय, एका क्रँकवर चीरही दिसतेय
(ऑनलाइन चर्चा. घोडेचक्र, पान्हा, रंधा, फेज ही लिहिणाऱ्यांची टोपणनावे.)

घोडेचक्र:
जत्रेत लावायचे जुने मेरी-गो-राउंड आहे. व्यास २४ फूट. मधे लोखंडी खांब, वर आठ आरे, प्रत्येक आऱ्यावर एक क्रँक (वाकवलेला फिरता दांडा) आणि त्याला टांगलेले दोन घोडे, म्हणजे एकूण १६. क्रँकचा शाफ्ट ५० मिमी, घोड्याची उचल १२ इंच. खांबावर ७२ दात्यांची बिडाची रिंग चार तुकड्यांत जोडून पक्की बसवली आहे, आणि क्रँकच्या आतल्या टोकाचे १८ दात्यांचे पिनियन (छोटे गिअर) तिच्यावरून धावते. डिझेल इंजिन, सपाट पट्टा, मिनिटाला ५ फेरे.

अडचणी अशा. घोडा अगदी वर आणि अगदी खाली पोचला की लगेच 'टक्' असा ठोका बसतो, दांड्याला हात लावला तरी कळतो. एका क्रँकच्या वाकणात केसाएवढी चीर दिसते. लेथवाला म्हणतो वेल्डिंग मारून देतो. सहा-सात घोड्यांचे पाय खुब्यापाशी हलतात, पोटाखाली भुसा पडतो. वरचा रंग किती थरांचा आहे देव जाणे. इंजिन काढून मोटर बसवावी का, हाही प्रश्न आहे. संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्यावर (सिद्धेश्वर यात्रेत) उभे करायचे आहे.

पान्हा:
वेल्डिंग अजिबात मारू नका, त्यावर शेवटी लिहितो. आधी ठोका.

बहुतेकांना वाटते घोडा लटकतो तिथला बुश (पिनेवर बसणारी धातूची नळी) गेला. तो झिजला असेलही, पण हा ठोका त्याचा नसावा. तुमच्या मापांत घोडा मिनिटाला २० वेळा खालीवर होतो. एवढ्या सावकाश चालीत वजन सतत खालीच ओढते, बुश पिनवरून उचलला जातच नाही, मग आपटेल कसा? ठोका दात्यांमधल्या प्लेचा, म्हणजे मोकळ्या फटीचा आहे. घोडा वर चढताना गिअर क्रँकला ढकलतो. शिखर ओलांडले की घोड्याचे वजनच क्रँकला पुढे फिरवू लागते, दाता एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूवर जाऊन बसतो, टक्. तळाशी हेच उलट. एका क्रँकवरचे दोन घोडे समोरासमोर, १८० अंशांत असतात, त्यामुळे दोन्हींवर सारखे वजन असेल तर हा प्रकार जवळजवळ होत नाही. एकावर थोराड माणूस आणि दुसरा रिकामा असला की होतो. दोन्ही घोड्यांवर ३०-३० किलोची वाळूची पोती बांधून फिरवून बघा. आवाज गेला तर निदान पक्के.

मग पुढचे तपासा. ठोका घोड्याबरोबर फिरतो की जमिनीवरच्या एकाच जागी येतो? घोड्याबरोबर फिरत असेल तर दोष त्या पिनियनमध्ये किंवा त्याच्या चावीत (पिनियनला शाफ्टवर घट्ट धरणारी पाचर). पिनियन आणि शाफ्ट यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ ओढा आणि दहा फेरे द्या. रेघ तुटली तर चावी सैल. नवी चावी ठोकून भागत नाही, की-वेच (चावीची खाच) रुंद झालेला असतो, तो एक माप मोठा करून घ्यावा लागतो. आणि दरवेळी एकाच जागी, कुठलाही घोडा तिथे आला की वाजत असेल तर दोष रिंगमध्ये. दात्यांमधून मऊ सोल्डरची तार घालून हाताने हळू फिरवा, चपटी झालेली तार मोजा. तुमच्या आकाराच्या दात्यांना ०.३ ते ०.४ मिमी चांगले, १ मिमीच्या वर वाजणारच. दर नऊ दात्यांनी एक माप घ्या, आठ आकडे लिहून काढा.

रंधा:
घोड्यांचे बघू. भुसा ताजा, पिठासारखा असेल तर भुंगा जिवंत आहे. घोड्याखाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवा, नवा भुसा पडतो का बघा. औषध सोपे: १० लिटर कोमट पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स, उघड्या लाकडावर ब्रशने तीन हात, भोकांत सुई लावलेल्या पिचकारीने. रंगावरून लावले तर आत जात नाही आणि पावसात धुऊन जाते, म्हणून रंग काढल्यावर आणि प्रायमरच्या आधी. हातमोजे घाला.

रंग काढताना सुक्या पॉलिश पेपरने घासू नका. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमच्या वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा प्रत्येक थर शिशाचा आहे असेच धरून चाला. पाणी मारत खरवडा, खाली प्लास्टिक, तोंडाला चांगला मास्क, मुले आसपास नकोत. आणि सगळे थर एकदम उडवू नका. मानेजवळ चार इंचांचा एक चौकोन थर-थर उघडून ठेवा, मूळ रंग तिथे सापडतो.

खुब्यात हलणाऱ्या पायाला स्क्रू मारणे हा सर्रास चालणारा अघोरीपणा. जुने घोडे अखंड ओंडक्याचे नसतात, धड म्हणजे फळ्यांचा पोकळ डबा, आणि पाय, मान, डोके वेगळे कोरून खुंट्या व सरस लावून जोडलेले. सरस गरम पाण्याच्या फडक्याने सुटतो. जोड पूर्ण उघडा, जुना सरस खरवडून काढा, १२ मिमीच्या सागवानी खुंट्या नव्याने घाला, मग शिकंज्यात २४ तास. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचे थिगळ बसवा, रेषा मूळ लाकडाच्या दिशेनेच. गाडीची पुट्टी भरू नका. लाकूड पावसाळ्यात फुगते, पुट्टी फुगत नाही, मग कडेला भेग पडून पाणी आत साचते. जोडायच्या आधी ओल मोजा, १२ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा.

जाता जाता: कोणत्या अंगाला कोरीव काम जास्त आहे ते पाहून घ्या. ते अंग बाहेरचे. डावे अंग सजलेले असेल तर चक्र मुळात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचे, इंग्लंडची जुनी चक्रे तशीच, अमेरिकेची उलटी. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की घोडे मागे पळतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

फेज:
मोटर जरूर बसवा, पण एक ध्यानात ठेवा. तुमचा पट्टा पाय अडकला तर घसरतो, ती त्याची खुबी. थेट गिअरबॉक्स लावलात तर घसरणारा क्लच हवाच, नाहीतर पट्टा तसाच ठेवा. ३ एचपी पुरते. १४४० वरून ५ फेऱ्यांवर यायला एकूण २८८ पट कमी करावे लागते: ४० चा गिअरबॉक्स आणि उरलेले ७.२ पुलीवर. वर्म गिअरबॉक्स स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. जनरेटर बंद पडला की तो जागीच आवळतो आणि तीन टनांचे चक्र एकदम थांबायला बघते. दाते तरी तुटतात नाहीतर मुले पुढे फेकली जातात. हेलिकल (तिरक्या दात्यांचा) घ्या. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर) सुरू व्हायला १२ ते १५ सेकंद द्या. अर्थिंगची सळई प्रत्येक गावी नव्याने ठोका, आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलीअँपचा.

घोडेचक्र:
सगळ्यांचे आभार. पोती बांधल्यावर आवाज जवळपास गेला. एकच ठोका राहिला, तो उत्तरेला, कुठलाही घोडा आला तरी. आठ मापे: ०.३, ०.४, ०.४, ०.५, ०.४, ०.५, १.४, ०.६. खांबाला ओळंबा लावला तर ३ मीटरमागे ९ मिमी उत्तरेकडे कललाय.

पान्हा:
१.४ चे माप दोन तुकड्यांच्या सांध्यावर आले आहे का बघा. आधी खांब सरळ करा आणि पुन्हा मोजा. वरचे बेअरिंग घासले असेल तर आऱ्यांचा सगळा सांगाडा कललेल्या बाजूला सरकतो आणि प्ले बदलतो. ओळंब्यात आणल्यावर आकडा उतरला तर बेअरिंग बदला. तिथेच राहिला तर सांधा खोला.

घोडेचक्र:
सरळ केल्यावरही १.३. सांधा खोलला. दोन्ही तोंडांवर ऑइलपेंटचे जाड थर, मधे फट दीड मिमी.

पान्हा:
मिळाले. कुणीतरी तुकडे सुटे करून, तोंडांसकट रंगवून, परत आवळले आहेत. रंग काढा, बिडाला कानस लावू नका, तोंडाला फक्त तेलाचा हात. बाकीचे तीन सांधेही खोला.

आता क्रँक. लोखंड कोणत्या जातीचे ते माहीत नसताना वेल्डिंग केले की शिवणीशेजारचा भाग कडक होतो आणि चीर तिथूनच पुन्हा निघते. आठही क्रँकची डीपी टेस्ट (रंगीत द्रवाने चीर शोधणे) करा: थिनरने पुसून लाल द्रव, १५ मिनिटे, पुसून वर पांढरी पावडर, लाल रेघ उमटली की तो क्रँक बाद. नवा ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद) मध्ये, वाकणाच्या आतल्या कोपऱ्यात किमान ५ मिमी गोलाई. काटकोनी कोपरा म्हणजे चिरेला आमंत्रण. हिशेब मुलांच्या वजनावर करू नका, घोड्यावर मोठी माणसेही बसतात: घोडा ३० आणि माणूस ८०, असे ११० किलो एका टोकाला आणि दुसरे टोक रिकामे. आकृती यांत्रिकी अभियंत्याकडून सही करून घ्या, परवान्यालाही लागेल.

क्रँक उतरलाच आहे तर टांगणीचे बुशही बदला. ते फक्त वरच्या अंगाला अंडाकृती झिजतात. नवे गनमेटलचे, ०.१ मिमी मोकळे. ग्रीसचा निपल वर नको, सगळा भार तिथेच असल्याने ग्रीस आत शिरत नाही. बाजूला घ्या.