व्यसनमुक्तीनंतरची सायकल आणि तब्येतीची धास्ती : आपापले अनुभव लिहावेत

खडकवासलाकर :
परवा चुलतभावाने रक्ततपासणीचा अहवाल वाचायला पाठवला आणि त्यातल्या एसजीओटीच्या (यकृताच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या एका द्रव्याच्या) ठळक छापलेल्या आकड्याकडे पाहताना मला माझाच एक जुना अहवाल आठवला, म्हणून हा धागा काढत आहे.

दारू सोडून तेव्हा बराच काळ लोटला होता आणि सायकल चांगली अंगवळणी पडली होती. एका रविवारी मी पानशेतपर्यंत जाऊन आलो आणि सोमवारी सकाळी नेहमीच्या तपासणीसाठी रक्त दिले. संध्याकाळी अहवाल आला, त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे दारूने यकृत दुखावले की वाढणारी द्रव्ये, दोन्ही वाढलेली होती. पत्नीने तो कागद वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि काही न बोलता ती स्वयंपाकघरात गेली. मी प्यायलो नव्हतो, पण हे सांगायचे कोणत्या तोंडाने, कारण पूर्वी पिऊन आल्यावरही मी हेच वाक्य बोलत असे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दारूचा नव्हता. ‘‘गेल्या दोन-तीन दिवसांत अंगमेहनत काय केलीत?’’ असे त्यांनी विचारले आणि सायकलीचे ऐकून यकृतासाठी जीजीटी व स्नायूंसाठी सीपीके या रक्ताच्या दोन तपासण्या लिहून दिल्या. एसजीओटी हे द्रव्य यकृताप्रमाणेच स्नायूंतही असते, एसजीपीटीही थोड्या प्रमाणात असते, त्यामुळे स्नायूंना नेहमीपेक्षा जास्त ताण पडला की हे आकडे काही दिवस चढलेले राहू शकतात. स्नायूंतून येणारे सीपीके माझ्या रक्तात भरपूर वाढले होते आणि स्नायूंशी संबंध नसलेले जीजीटी मर्यादेत होते. आठवडाभर सायकल बंद ठेवून पुन्हा रक्त दिले तेव्हा सगळे आकडे जागेवर आले. आता तपासणीच्या आधी मी आठवडाभर दमवणारी फेरी करत नाही आणि रक्त घेणाऱ्यालाही सायकलीविषयी आधीच सांगून ठेवतो.

पिण्याच्या काळात शरीर काय सांगत होते ते ऐकू येत नव्हते. सोडल्यावर प्रत्येक कळ, प्रत्येक धडधड ठळक ऐकू येऊ लागते आणि ती जुन्या पापाची वसुली वाटते. त्यातच सायकलीच्या नव्या दुखण्यांची भर पडते. यातले जुने कोणते आणि नवे कोणते, हे आपण कसे ओळखले, ते प्रत्येकाने लिहावे.

कोथरूडची ताई :
दादा, टेबलावर घडी घालून ठेवलेल्या त्या कागदाची दुसरी बाजू मी लिहिते. आमचे हे पहाटे मुळशीच्या बाजूला जातात. तिकडे मोबाइलला रेंज मिळत नाही आणि फोन लागला नाही की मला अपघात आणि दारू या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसू लागत. परत आल्यावर मी सरबताचा पेला पुढे करण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घेई, हे त्यांना कळत असे आणि मग दिवसभर घरात कुणी कुणाशी बोलत नसे. १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात त्यांच्यावर उपचार झाले आणि तिथल्याच पत्नींच्या सहचरी गटात मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले. आता आमचे ठरले आहे की निघताना त्यांनी रस्ता आणि परतीची वेळ सांगायची, वेळ बदलली तर रेंज मिळेल तिथून कळवायचे आणि मी वास घ्यायचा नाही. रक्ताचे अहवाल आधी डॉक्टर वाचतात, मग आम्ही दोघे एकत्र वाचतो. धास्ती पूर्ण गेलेली नाही, तरी ती आता आमच्या दोघांची आहे, माझ्या एकटीची नाही.

रंकाळाकाठ :
माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचे बोट बधिर पडू लागले होते. दारूमुळे आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे नसा खराब होतात, हे केंद्रातल्या व्याख्यानात ऐकले असल्याने मी मनाशी निकाल लावून टाकला आणि रात्र रात्र बोटे चोळत बसू लागलो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला सायकलसकट बोलावले आणि हँडल धरून बसायला सांगितले. आसन फार उंच, हँडल फार खाली, त्यामुळे शरीराचा सगळा भार तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर येत होता आणि तिथून जाणारी नस दबत होती. दारूने होणारा नसांचा विकार बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो, असे त्यांनी समजावून सांगितले आणि खात्रीसाठी तळव्यांची संवेदना तपासली. हँडल वर घेतले, पकड मधूनमधून बदलू लागलो आणि बधिरपणा हळूहळू गेला. ज्यांचे तळपाय खरोखर बधिर आहेत त्यांनी मात्र फेरीनंतर बूट-मोजे काढून पाय नीट पाहावेत, कारण फोड आला तरी त्यांना कळत नाही.

त्र्यंबक रस्ता :
मला सर्वांत जास्त घाबरवले ते हातांच्या थरथरीने. भल्या पहाटे उपाशीपोटी निघालो होतो, परतीच्या चढावर घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ब्रेकवरची बोटे कापू लागली. पिण्याच्या दिवसांत सकाळी पहिला घोट घेईपर्यंत हात असेच कापत, त्यामुळे मन थेट त्या सकाळीच जाऊन पोहोचले आणि पाठोपाठ तलफही आली. रस्त्याच्या कडेला बसून एका टपरीवरचा गोड चहा घेतला, केळी खाल्ली, आणि थोड्या वेळाने सगळे निवळले. डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक निघाली, पण उपाशी निघायचे नाही अशी ताकीद दिली. तेव्हापासून खिशात राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-शेंगदाणे असतात.

आमच्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांपासून सांभाळा असे सांगतात. लांबच्या फेरीच्या शेवटी माणूस भुकेला आणि थकलेला असतोच, आणि एकटा गेलेला असेल तर तिसरीही अवस्था जमून येते. काही सायकल गटांत फेरीचा शेवट बिअरने होतो. त्यांचे त्यांना लखलाभ, मी तो गट सोडला आणि न पिणारे दोघे शोधून काढले.

यवतेश्वर घाट :
माझे व्यसन गुटख्याचे. राज्यात २०१२ साली बंदी आली तरी माझी पुडी काही बंद झाली नव्हती. सोडेपर्यंत तोंड जेमतेम दोन बोटे उघडू लागले होते. घाट चढताना तोंडाने श्वास घेतला की गालाच्या आतून आग होते, आणि आग झाली की घरी येऊन टॉर्च लावून आरशात चट्टे शोधत बसायचे, असा क्रमच पडून गेला होता. दंतवैद्यांनी स्पष्ट सांगितले की आतली ताठरता पूर्ण जाणार नाही, कर्करोगाचा धोका असल्याने तपासणी चुकवायची नाही, आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर लगेच यायचे. हा एक नियम हाती आल्यावर रोजचा आरसा सुटला. आता चढ नाकाने श्वास घेता येईल इतक्याच गतीने चढतो.

सेवानिवृत्त परिचारिका :
सगळे अनुभव वाचून समाधान वाटले. वाचणाऱ्यांत कुणी आजच दारू सोडण्याच्या विचारात असेल तर त्याच्यासाठी लिहिते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत, सायकल नंतर. डोळे पिवळे होणे, पोट किंवा पाय फुगणे, काळी शौच, रक्ताची उलटी, श्रम करताना छातीत दाब येणे, यांपैकी काहीही झाले तर ‘सायकलीमुळे असेल’ असे मानू नये, थेट रुग्णालय गाठावे. यकृत आकसले असल्याचे निदान झालेल्यांनी किती श्रम करावेत हे आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

नवा सायकलस्वार :
परिचारिका ताई, मला धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू आहे. चढावर जीव अगदी मेटाकुटीला येतो, पण घड्याळात नाडी फारशी वाढलेली दिसत नाही. हृदय दुबळे झाले असेल का, या विचाराने झोप लागत नाही.

सेवानिवृत्त परिचारिका :
भाऊ, ते औषध नाडीचा वेग वाढू देत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत घड्याळातल्या आकड्यावरून श्रम मोजता येणार नाहीत. सायकल चालवताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले तर गती ठीक आहे, दोन शब्दांवर धाप लागली तर कमी करावी. गोळी मनाने बंद करू नका, ती अचानक थांबवणे धोक्याचे असते. जीव मेटाकुटीला येतो हे मात्र डॉक्टरांना नक्की सांगा आणि ईसीजी काढून घ्या. तोवर घाट नको, सपाट रस्त्यावर चालवा आणि सोबत कुणाला तरी घ्या.