भावाचा घसा भयंकर दुखतोय, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. सकाळपर्यंत थांबू का?

कोथरूडची_ताई:
धाकटा भाऊ, वय २४, ढोल पथकात आहे. विसर्जनाला रात्रभर वाजवलं, ओरडला, मिळेल ते गार प्यायला. घसा बसला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, दरवर्षीचंच आहे. पण कालपासून १०२ ताप. खोकला नाही, सर्दी नाही. टॉर्च मारून बघितलं तर टॉन्सिल लालभडक, वर पांढरे ठिपके. जबड्याखालच्या गाठींना हात लावला की कळवळतो.

गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमध, आईचं सगळं करून झालं. मेडिकलवाल्याने काही न विचारता अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पट्टी हातात ठेवली. बाबा म्हणतात, "घेऊन टाक, मोकळा होशील." अजून फोडलेली नाही. आमचे डॉक्टर सकाळी दहाला बसतात. काय करू?

पेठेतला_म्हातारा:
फोडू नकोस. बहुतेक घसे व्हायरसने दुखतात, आठवडाभरात उतरतात, त्यावर अँटिबायोटिक म्हणजे पैसे पाण्यात. मात्र ताप, ठिपके, दुखऱ्या गाठी आणि खोकला नाही, हे सगळं एकदम असलं की स्ट्रेप्टोकॉकस (स्ट्रेप) या जिवाणूचा संशय येतो. डॉक्टर गरज वाटली तर स्वॅब घेतील. स्ट्रेप निघाला तर मात्र दिलेला कोर्स पुरा करायचा. अर्धवट उपचारानंतर कधी कधी ऱ्हुमॅटिक फीवर होतो आणि हृदयाच्या झडपांवर जातो. लहान मुलांत जास्त, पण आपल्याकडे अजून दिसतो.

नाककानघसा:
ईएनटी ओपीडीत काम करते. ताई, किती दुखतंय यावर रात्रीचा निर्णय घेऊ नका. त्याला तोंड उघडायला सांगा, तीन बोटं उभी आत जातायत का? लाळ गिळतोय की बाहेर गळतेय? आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा झालाय का? टॉन्सिलची एकच बाजू फुगून पडजीभ दुसरीकडे सरकली असेल तर आत पू धरलेला असू शकतो, तो काढावा लागतो. यातलं काहीही असेल, मान ताठ झाली असेल किंवा पाणीच पोटात जात नसेल, तर आत्ताच निघा. ससूनची इमर्जन्सी रात्रभर चालू असते. श्वास घेताना घरघर आली तर सरळ १०८.

कोथरूडची_ताई:
बघितलं. तीन बोटं जातायत, पडजीभ मध्येच आहे, आवाज घोगरा पण स्वच्छ. चमच्याचमच्याने कोमट पाणी घेतोय. ठणका कमी करायला कॉम्बिफ्लाम देऊ का? घरात आहे.

नाककानघसा:
नको, त्यात आयबुप्रोफेन असतं. पुण्यात हा डेंग्यूचा सीझन आहे आणि डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ताप कशाचा ते कळेपर्यंत साधं पॅरासिटामॉल द्या. ६५० ची एक, सहा तासांनी दुसरी, दिवसात चारच्या वर नाही. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, म्हणून दोन्ही एकत्र नकोत. आधीपासून लिव्हरचा त्रास असेल तर विचारून. गुळण्यांना ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. मऊ भात, गार दही, जे सुखाने उतरेल ते द्या. थंडाने वाढतं हा आयांचा समज, घसा सुन्न होऊन उलट आराम पडतो. रात्री एकदोनदा उठून पुन्हा तोंड उघडायला लावा.

कोथरूडची_ताई:
ठीक. आई आत्ता म्हणतेय, लहानपणी त्याला पेनिसिलिनने पुरळ आलं होतं. सांगू ना डॉक्टरांना?

नाककानघसा:
आत गेल्यागेल्या, पहिलं तेच. आणि ती न फोडलेली पट्टीही दाखवायला घेऊन जा.