मदत हवी आहे : पेट्रोल सीजे ३४० जीपला डिझेल इंजिन बसवायचंय, डीआय घेऊ का प्यूजो?

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, वाचून घ्या.

आमच्याकडं आजोबांच्या वेळची महिंद्रा सीजे ३४० आहे, फोर बाय फोर, पेट्रोल, उंच बॉनेटवाली. आत तेच जुनं हरिकेन इंजिन, २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, त्यामुळं इंजिन उंच आणि म्हणूनच बॉनेटपण उंच. आम्ही राहतो सोलापुरात, शेत मंगळवेढ्याकडं. तिकडचं काळं रान माहीत असेल तुम्हाला, दोन पाऊस झाले की टायरला चार बोटं चिखल बसतो, मग वस्तीवर ट्रॅक्टर जातो नाहीतर ही. गेल्या पावसाळ्यात डिपस्टिक ओढली तर ऑइलची बासुंदी झालेली. हेड गॅस्केट असेल म्हणून खोललं तर ब्लॉकच तडकलेला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी केसाएवढी चीर. शिवाय पेट्रोल पिते ते वेगळंच. घरचे म्हणतात भंगारात घाला. मी नाही घालणार.

आता दोन इंजिनं नजरेत आहेत. एक महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल), २५२३ सीसी, पार्ट कुठंपण मिळतात, गावातला फिटरपण झोपेत खोलतो, पण जड आहे आणि थरथर लय. दुसरं महिंद्राच्याच एमएम ५४० जीपमधलं प्यूजो एक्सडीपी डिझेल, २११२ सीसी, चालायला मऊ आणि आरपीएम चांगले घेतं, पण त्याला हीटर प्लग लागतात आणि पार्ट शोधताना माणूस म्हातारा होतो.

खरी अडचण ॲक्सलच्या रेशोची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो त्याची. मागच्या चाकाला चुन्याची खूण केली, प्रॉपेलर शाफ्टला चिंधी बांधली, पोरांना गाडी ढकलायला लावली आणि मी खाली पालथा पडून मोजत बसलो. चाकाच्या एका फेऱ्यात चिंधी पाच वेळा फिरून आणखी तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी पुढं गेली, म्हणजे ५.३८ च. ६.०० बाय १६ टायरचा एक फेरा २ मीटर २२ सेंटिमीटर भरला. हिशोब केला तर ३००० आरपीएमला टॉप गिअरमध्ये ताशी ७४ किलोमीटरच्या आसपास स्पीड येतं. हरिकेन ४००० पर्यंत जायचं म्हणून चालून जात होतं, डीआय तीन हजाराच्या वर ताणलं तर कानाचं काय होईल? चार गिअरचा केएमटी ९० गिअरबॉक्स टाकला तरी त्याचा चौथा गिअर डायरेक्टच, टॉप तेवढंच राहणार. क्राउन पिनियन (ॲक्सलमधले रेशो ठरवणारे गिअर) बदलायचं तर पुढं मागं दोन्हीकडं सारखंच बदलावं लागतं, नाहीतर फोर बाय फोर टाकलं की दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडणार, म्हणजे खर्च डबल.

एका गॅरेजवाल्याकडं दाखवायला नेली होती, नाव नको. त्यानं नव्या इंजिनाचा संप (खालची ऑइलची टाकी) पुढच्या ॲक्सलला लागतोय म्हणून न विचारता चेसीचा पुढचा आडवा मेंबर कापायला घेतला, मी चहा पिऊन आलो तर ग्राइंडर चालू! अर्धा कापलाय, वेल्डिंग मलाच करून घ्यावं लागणार.

तर विचारायचं असं, की डीआय बसवताना इंजिन मागं सरकवलं का वर उचललं तुम्ही? मागं सरकवलं तर व्हीलबेस ८० इंचच, मागचा प्रॉपेलर आधीच वीतभर, प्रॉपेलरच्या क्रॉसचा (सांध्याचा) अँगल बिघडून व्हायब्रेशन येतं का? जुना तीन गिअरचा टी ९० गिअरबॉक्स डिझेलचा टॉर्क सोसतो का दात खातो? रेडिएटर जुनाच चालेल का, कारण इकडं मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो आणि गरम झालेली गाडी बाभळीखाली उभी करून बसायची आता माझी हौस फिटली. पुढच्या स्प्रिंगचे पाटे वाढवलेत का कुणी?

आणि कागदाचं. कलम ५२ प्रमाणे आरटीओची आधी परवानगी पाहिजे, आरसीवर इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलून पाहिजे, एवढं कळलंय. एजंट म्हणतो आधी बसवा, मग बघू. मला ते पटत नाही. एमएच १३ ला, म्हणजे सोलापूर आरटीओत, कुणी पेट्रोलची डिझेल करून आरसीवर चढवून घेतलीय का, तेवढं आधी सांगा, कारण ते होत नसेल तर मी जुन्या ब्लॉकची चीर शिवून घ्यायच्या मागं लागतो. डीआय इंजिन विकणारा रविवारपर्यंतच थांबणार आहे.