मुंबई सिटीचे कोच: पहिला नंबर लोबेराचा की बकिंगहॅमचा?

अंधेरी_स्पोर्ट्स_कॉम्प्लेक्स:
आयएसएल (इंडियन सुपर लीग) फुटबॉलमधल्या आपल्या मुंबई सिटीच्या कोचची क्रमवारी लावायची म्हटलं की बहुतेक जण डोळे झाकून लोबेराला पहिला नंबर देतात. 2020-21 मध्ये शील्ड (लीगच्या गुणतक्त्यात पहिलं आल्याबद्दल) आणि कप (नंतरची प्लेऑफ फायनल जिंकल्याबद्दल) एकाच हंगामात आले, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण हाताशी संघ कोणता होता, नियम काय होते, हेही धरायला नको का? माझा क्रम: बकिंगहॅम, लोबेरा, क्रातकी, ग्विमाराएस, कोस्टा, रीड, अनेल्का. तुमचा सांगा, पण कारणांसकट.

निळा_ठाणेकर:
बकिंगहॅम पहिला, शंकाच नाही. लोबेराच्या हंगामात एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात उतरवता यायचे. 2021-22 पासून चारच. म्हणजे बकिंगहॅमला प्रत्येक सामन्यात एका जास्तीच्या भारतीय खेळाडूवर भिस्त ठेवावी लागली, आणि त्याने ती जागा नुसती भरून काढली नाही. छांगटे उजवीकडून, बिपिन डावीकडून, मध्ये आपुइया. आघाडीच्या स्ट्युअर्ट आणि डियाझला पास पुरवणारी ही फळी होती. 2022-23 मध्ये 20 सामन्यांत 46 गुण, 54 गोल, सलग 18 सामने अपराजित. दोन सामने हातात ठेवून शील्ड जिंकली.

शिवाय एप्रिल 2022, रियाध. इराकच्या एअर फोर्स क्लबवर 2-1 विजय. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लब स्पर्धेच्या गटात भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना, आणि विजयी गोल भेकेच्या हेडरचा. शेवटी 7 गुणांसह गटात दुसरे आलो. हे आधी कुठल्याच भारतीय क्लबला जमलं नव्हतं. त्याच्या खात्यावर आयएसएल कप नाही हे खरं, पण 2023 ची सेमी बंगळुरूकडून पेनल्टीवर 9-8 अशी गेली. तेवढ्यावरून दोन वर्षांचं काम खाली ढकलू नका.

जाहू_चा_फ्रीकिक:
भाऊ, पाच परदेशींचा मुद्दा बरोबर, पण ती सवलत सगळ्याच संघांना होती ना! लोबेराने काय बसवलं ते बघा. चेंडू मागून काढताना मिडफिल्डर जाहू दोन सेंटर-बॅकच्या मध्ये उतरायचा, मंदार डावीकडून थेट वर, आणि बूमू प्रतिस्पर्ध्यांच्या मिडफिल्ड आणि बचावाच्या मधल्या पट्टीत मोकळा. यातला कच्चा दुवा एकच: जाहूला स्ट्रायकर चिकटला की मागचे पास आडवे होत आणि चेंडू पुढे सरकत नसे.

पण मोक्याच्या दिवशी गाडी अडली नाही. 28 फेब्रुवारी 2021, बांबोळी: शील्डसाठी मोहन बागानला हरवणं भागच होतं. सातव्या मिनिटाला जाहूचा फ्रीकिक, फॉलचा हेडर. नंतर ओग्बेचे, 2-0. फायनलला फातोर्ड्यात बिपिनने 90व्या मिनिटाला 2-1 केलं. तेही अख्खा हंगाम गोव्यात, घरच्या अंधेरीत एकही सामना नाही. माझ्यासाठी लोबेराच पहिला.

कोलाबा_गोलकीपर:
वरच्या दोघांवर तुम्ही बोललात, मी तिसऱ्या जागेबद्दल लिहितो. क्रातकी डिसेंबर 2023 मध्ये, हंगामाच्या मध्यावर आला, आणि जानेवारीत स्ट्युअर्ट गेला. शेवटच्या लीग सामन्यात बागानविरुद्ध कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बरोबरी पुरली असती, 2-1 हरलो आणि शील्ड बागानने नेली. मग गोव्याविरुद्धच्या दोन सामन्यांच्या सेमीत पहिल्या लेगमध्ये 90 मिनिटांपर्यंत 0-2, आणि तिथून 3-2! पुढे 4 मे 2024 ला फायनलमध्ये त्याच सॉल्ट लेकवर त्याच बागानला 3-1. शील्ड गमावल्यापासून तीन आठवडेही झाले नव्हते. एवढ्या कमी वेळात संघ पुन्हा उभा करणं हे निव्वळ कोचचं काम. पण डियाझ, आपुइया, भेके गेल्यावर 2024-25 मध्ये सहावे आलो आणि प्लेऑफमध्ये बंगळुरूकडून 5-0. म्हणून दुसरा नाही, तिसराच.

ग्विमाराएसला मात्र कोस्टाच्या बराच वर ठेवा. 2016 मध्ये 14 सामन्यांत फक्त 8 गोल खाल्ले आणि लीगमध्ये पहिले आलो. त्या वेळी शील्ड द्यायचे नाहीत, म्हणून कपाटात काही दिसत नाही. सेमीच्या पहिल्या लेगमध्ये स्ट्रायकर फोर्लानला लाल कार्ड, दुसऱ्या लेगला तो बाहेर, आणि कोलकात्याच्या संघाविरुद्ध त्या लेगमध्ये 0-0 च राहिलं, म्हणून फायनल हुकली. कोस्टाचा संघ तिसरा आला खरा, पण घरच्या सेमीत गोव्याकडून 5-1. असा बचाव ग्विमाराएसने कधी खपवून घेतला नसता.