गाठी नसलेला पाडवा : लॉकडाऊनच्या तुमच्या आठवणी लिहा

चाफेकळी :
आज गाठी आणायला गेले आणि दुकानातच डोळे भरून आले. 25 मार्च 2020, लॉकडाऊनचा पहिला दिवस आणि नेमका पाडवा. आदल्या रात्री आठला घोषणा झाली, वाण्याकडे ही गर्दी, हे कसेबसे पीठ आणि दूध घेऊन आले, गाठी कुठली मिळायला! सासूबाई म्हणाल्या गुढी बोडकी नको, आणि खडीसाखरेचे खडे दोऱ्यात बांधत बसल्या. निम्मे सुटून पडायचे, पडले की पोरं तोंडात टाकायची. कडुलिंब खालच्या काकूंनी दिला. गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडली, त्यांनी डहाळी घातली. मग वर्षभर ती पिशवी खाली-वर, कधी वाटीभर आमटी, कधी बीपीच्या गोळ्या. एप्रिल 21 मध्ये काकू गेल्या. बेड मिळेपर्यंतच दोन दिवस गेले होते. घरी आणलंच नाही, आम्ही गॅलरीत नुसते उभे. पिशवी अजून खुंटीला आहे, टाकवत नाही. तुम्हीही लिहा ना, कितीही बारीक आठवण असू दे.

दहावीची_आई :
आमचा तेव्हा दहावीला, भूगोलाचा पेपर राहिलेला 23 मार्चचा. आधी पुढे ढकलला मग एप्रिलमध्ये रद्दच. तोवर हा रोज सकाळी नकाशे भरायचा, एक भारताचा एक ब्राझीलचा, ॲमेझॉनचं खोरं हिरवंगार. रद्द झाल्यावर पण दोन दिवस भरत होता. मी ओरडले नाही, त्याला तेवढाच आधार होता बहुतेक.

रानवारा :
तासगाव. माल तोडायला आलेला आणि व्यापारी गायब, फोनच उचलेनात. शेवटी सगळी द्राक्षं बेदाण्याला घातली, लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची आणि शेडमध्ये जाळीवर पसरायची, पंधरा दिवस लागतात. मजूर नाहीत म्हणून घरची सगळी, आई पण, तिची बोटं चिकट होऊन एकमेकाला लागायची. रात्री वडील शेडमध्येच झोपायचे. बोलायचे नाहीत काही.

ताक_भात :
बेदाणे कसे साठवता हो, आमच्याकडे पावसाळ्यात चिकट होतात

रानवारा :
फ्रीजमध्ये ठेवा ताई, आम्ही पण कोल्ड स्टोरेजलाच ठेवतो.

सावळी :
मी आशा सेविका आहे, घरोघरी आरोग्याची माहिती घेत फिरणारी. ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ या कोरोना तपासणीच्या मोहिमेला दिवसाला पन्नासेक घरं व्हायची, गळ्यात ताप मोजायची गन आणि हातात ऑक्सिमीटर. काही लोक दार लावून घ्यायचे, म्हणायचे तुम्हीच आजार आणता. एक आजी मात्र पायरीवर तांब्या-पेला ठेवून आत जायची, आतून म्हणायची, पी गं बाय, उन्हाची फिरतीस. तोंड काही दिसायचं नाही तिचं. रात्री घरी गेलं की माझी लहानगी पळत यायची आणि तिला हाताने अडवायला लागायचं, आधी न्हाणीत जायचं. ते अडवणं अजून सलतं.

ताक_भात :
सावळीताई तुम्हाला मनापासून नमस्कार. खरंच.

मुंबईकर_चाकरमानी :
20 सालचे गणपती. गावाला गेलो तर 10 दिवस शाळेत ठेवलं. मी तिसरीत ज्या खोलीत बसायचो त्याच खोलीत, घर दिसत होतं खिडकीतून. आई गडग्यावर डबा ठेवायची, मागे सरायची, मी उचलला की विचारायची मीठ बरोबर आहे ना. रोज हाच प्रश्न. डब्यात कधी काय होतं आठवत नाही पण तिचं ते दहा पावलं मागे जाणं डोळ्यासमोर आहे.

पहाटपाळी :
वाचते आहे सगळं. मी परदेशात होते, बाबांचं सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. सध्या इतकंच लिहिते.

चाफेकळी :
पहाटपाळी, जवळ असतीस तर मिठी मारली असती गं.

दहावीची_आई :
पिशवी कसली आहे, कापडाची?

चाफेकळी :
मांजरपाटाची, काकूंनीच शिवलेली. उरलेल्या कापडाचे नंतर अख्ख्या बिल्डिंगला मास्क शिवले त्यांनी. उद्या डहाळी मागायला खाली काकांकडे जाणार आहे, झाड त्यांच्या खिडकीला लागूनच आहे.