‘गांजाला परवाना द्या’: वादविवादासाठी नेमके मुद्दे हवेत

सदाशिवपेठी: पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विषय आहे. भांग चालते मग गांजा का नाही? आणि ‘कायदेशीर करणं’ व ‘गुन्हा न मानणं’ यांत फरक काय?

कोर्टाजवळचा: १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांची भांग सुटते. पण महाराष्ट्रात दारूबंदी कायदा तिला लागू होतो, तेव्हा ‘भांग मोकळी आहे’ असं व्यासपीठावर बोलू नका, परीक्षक तिथंच पकडतील.

जवळ सापडलेला गांजा १ किलोपर्यंत असेल तर कायद्याच्या भाषेत ‘अल्प’, २० किलोच्या वर ‘व्यापारी’. एमडीला (मेफेड्रोन) हेच आकडे २ आणि ५० ग्रॅम. अल्प म्हणजे माफ नव्हे: वर्षभरापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ६४अ मात्र जरूर वाचा. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर अल्प प्रमाणासाठी खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले की तेही जातं. घरच्यांना हे कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

मुळामुठा: फरक पोर्तुगालवरून समजतो. २००१पासून तिथं साधारण १० दिवसांच्या वापराइतका साठा हा गुन्हा नाही, प्रकरण कोर्टाऐवजी व्यसनविषयक आयोगापुढे जातं. विक्री मात्र गुन्हाच. म्हणजे माणूस तुरुंगातून वाचतो, पण पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

कॅनडानं २०१८मध्ये विक्रीच कायदेशीर केली. पाकिटावर टीएचसीचं (गांजातला नशा आणणारा घटक) प्रमाण छापावं लागतं आणि खाण्याच्या पदार्थात त्याची पाकिटामागे १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कारण साधं आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला अर्ध्या ते दोन तासांनी. पाऊण तासात काहीच होईना म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो, मग दोन्ही एकदम अंगावर येतात: धडधड, भीती, उलट्या.

आपल्याकडचा दाखलाही द्या. १८९३-९४च्या भांग-गांजा आयोगानं सरसकट बंदी नाकारून परवाने आणि कर सुचवले होते.

विरोधी बाकावरून: एमडी यात मिसळू नका. २०२४मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला जे एमडी सापडलं ते कारखान्यात बनवलेलं रसायन, त्याला गांजाचे युक्तिवाद लागू पडत नाहीत. आणि परवान्याच्या बाजूला मी एवढंच विचारेन: कर वजनावर लावणार की टीएचसीवर? वजनावर लावलात तर विक्रेता कमी वजनात जास्त कडक माल आणेल. फार चढा लावलात तर गिऱ्हाईक पुन्हा गल्लीतल्या पुडीवाल्याकडे. आणि वयाची अट दुकानात कोण तपासणार, तेही सांगा. कोवळ्या वयात कडक गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो.